मन लागत नसताना केलेला नेम

श्रींच्या दर्शनास येणारे अनेक भाविक परतीच्या वेळी एकच गोष्ट बोलून दाखवितात. क्षेत्री दोन दिवस राहिल्याने मन हलके झाले, झोप शांत लागली, घरच्या काळज्या थोड्या मागे पडल्या. परंतु ही प्रसन्नता घरी गेल्यावर टिकत नाही, आठ-पंधरा दिवसांत सारे पूर्ववत होते. यात आश्चर्य काहीच नाही. क्षेत्राच्या ठिकाणी पहाटे काकडआरतीचा गजर होतो म्हणून मनुष्य उठतो, दर्शनाच्या रांगेत तासभर उभा राहतो, महाप्रसादाला ठरलेल्या वेळी चार अनोळखी माणसांच्या पंक्तीला बसतो आणि शेजारतीनंतर मंदिराचे दरवाजे बंद होतात म्हणून वेळेवर निजतो. दिवसाला आपोआप एक आकार येतो. घरी तो आकार ज्याचा त्याला द्यावा लागतो, आणि तो देण्याचा जो जुना, साधा मार्ग आपल्या घराघरांत होता त्यास नेम असे म्हणतात.

नेम म्हटला की त्याच्यामागून एक प्रश्नही येतोच. काही वर्षांपूर्वी एका वयस्क गृहस्थांनी अभिषेकाची पावती घेताना तो संस्थानच्या कार्यालयात विचारला होता. त्यांच्या पत्नीचे निधन होऊन पाच महिने झाले होते. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावण्याचा त्या माउलींचा नेम लग्न होऊन घरात आल्या दिवसापासूनचा, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांचा. त्या गेल्यावर दिवा लावणारे घरात कोणी उरले नाही, म्हणून गृहस्थ स्वतः लावू लागले. "हात जोडतो, पण मनात काही येत नाही. नाव घेतो ते ओठांवरच राहते. कधी कधी वाटते, आपण नुसते ढोंग करतो आहोत. तिने वळून ठेवलेल्या वातींचा एक डबा आहे, तो आता संपत आला. तेवढ्या वाती संपेपर्यंत लावावा आणि मग थांबावे, की कसे?" असे त्यांनी विचारले. त्यांच्या मागे रांग होती. त्या वेळी त्यांना जे उत्तर मिळाले ते घाईचे होते.

प्रश्न मात्र घाईने सोडविण्याजोगा नाही. मन जागेवर नसताना केलेली चांगली कृती खरी की खोटी? आणि ती खोटी असेल, तर मन जागेवर येईपर्यंत मनुष्याने हात बांधून बसून राहावे काय?

या प्रश्नाची धार महाराष्ट्राला विशेष जाणवावी असेच येथील संस्कार आहेत. वारकरी संतांनी बाह्य उपचारांवर जेवढे कठोर प्रहार केले तेवढे क्वचितच कोणी केले असतील. अंतरी भाव नसता केलेले टिळे, माळा, स्नाने आणि तीर्थाटणे यांचा त्यांनी मुलाहिजा ठेवला नाही. त्यामुळे मराठी मनुष्याला भावशून्य कर्माची एक प्रकारची लाजच वाटते, आणि ती वाटते हे चांगलेच आहे. परंतु संतांचा रोष कोणावर होता हे नीट पाहिले पाहिजे. तो दंभावर होता. दंभाला प्रेक्षक लागतो. आपल्यापाशी नाही ते आहे असे दुसऱ्यास भासवून त्यापासून मान किंवा धन मिळविणे, हे दंभाचे स्वरूप होय. रिकाम्या घरात, कोणी पाहत नसताना, गलबललेल्या हाताने काडी ओढणारा मनुष्य कोणाला फसवितो? देवाला फसविता येत नाही असे तो मानतोच. आणि स्वतःस तर तो उलट सांगत असतो की माझे मन लागत नाही. ज्याला आपली कोरडी अवस्था कळते आणि जो ती बोलून दाखवितो त्याच्यापाशी दंभ नाही. त्याच्यापाशी शोक आहे, थकवा आहे, कदाचित आजारही असेल. पण दंभ नाही. हे दोन निराळे पदार्थ असून त्यांची गल्लत केल्याने अनेक प्रामाणिक माणसे आपला नेम सोडून बसतात, आणि दांभिक मात्र सुखाने चालू ठेवतात.

आपल्या शास्त्रकारांनी कर्मांचे जे प्रकार पाडले आहेत त्यांचा येथे उपयोग होतो. पूर्वमीमांसेत कर्मांचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद सांगितले जातात. संध्यावंदनासारखे रोज करावयाचे ते नित्य. ग्रहण, जन्म, मृत्यू अशा निमित्ताने करावयाचे ते नैमित्तिक. आणि पुत्र, धन, स्वर्ग अशा एखाद्या फळाच्या इच्छेने करावयाचे ते काम्य. काम्य कर्म इच्छा असेल त्याने करावे, नसेल त्याने करू नये. नित्य कर्माला मात्र इच्छेचा प्रश्नच नाही. मग त्याचे फळ काय, यावर मीमांसकांत मोठा वाद झाला. कुमारिल भट्टांच्या अनुयायांनी नित्यकर्माने दुरित नाहीसे होते असे म्हटले. प्रभाकरांच्या अनुयायांनी फळाची ती तडजोडही नाकारली आणि ते विहित आहे म्हणूनच करावयाचे असे सांगितले. वाद यज्ञकर्माचा असला तरी त्यातील मर्म घरगुती आहे. दात घासल्याने कोणाला आनंदाचे भरते येत नाही. भांडी विसळल्याने ज्ञान होत नाही. न केल्यास मात्र दुसऱ्या दिवशी ओशाळे व्हावे लागते.

आज मनाच्या आरोग्याविषयी जो उपदेश चहूकडून कानी पडतो त्याची गफलत नेमकी येथे होते. रोज चाला, म्हणजे मन प्रसन्न राहील. रोज प्राणायाम करा, म्हणजे चिंता जाईल. रोज तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा, म्हणजे समाधान वाटेल. यातील एकही सल्ला वाईट नाही. परंतु सांगण्याच्या पद्धतीमुळे जे नित्य असावयास हवे ते काम्य होऊन बसते. मनुष्य चार दिवस चालतो आणि पाचव्या दिवशी हिशेब मांडतो, प्रसन्न वाटले का? वाटले नाही, म्हणून सहाव्या दिवशी अंथरूणातच राहतो. शिवाय प्रसन्नतेची अशी रोज चाचपणी करणे हेच तिला घालविण्याचे एक साधन आहे. झोप आली का, आली का, असे पाहत राहणाऱ्यास झोप कशी यावी?

या उतावीळपणास अलीकडे मोबाईलवरून फिरणाऱ्या संदेशांची भर पडली आहे. एकवीस दिवसांत कोणतीही सवय अंगी बाणते, असे एक वचन त्यांत नेहमी आढळते. त्याचा उगम पाहिला तर हसू येते. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात, शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपला नवा चेहरा ओळखीचा वाटू लागण्यास निदान एकवीस दिवस लागतात, असे निरीक्षण नोंदविले होते. त्यातील 'निदान' हा शब्द पुढे गळाला आणि नाकाची गोष्ट साऱ्या जीवनास लागू झाली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ व्यक्तींवर प्रत्यक्ष अभ्यास केला. जेवणासोबत एखादे फळ खाणे, रात्रीच्या जेवणापूर्वी थोडे धावणे अशी एकेक साधी गोष्ट या लोकांनी रोज करावयाची होती. २०१० मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात ती गोष्ट अंगवळणी पडण्यास लागलेला काळ कोणाचा १८ दिवस तर कोणाचा २५४ दिवस निघाला. मधला आकडा ६६ दिवसांचा होता. या अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली, आणि नेम धरणाऱ्यांनी ती अधिक लक्षात ठेवावी. मध्येच एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या क्रियेत फारसा व्यत्यय येत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनास योगाच्या या मार्गात आरंभ केलेले वाया जात नाही आणि प्रत्यवायही लागत नाही, असे जे अभय दिले आहे, ते चुकलेल्या दिवसाची धास्ती घेणाऱ्यांनी पुन्हा वाचण्याजोगे आहे.

मन चंचल आहे, वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण आहे, ही अर्जुनाची तक्रार सहाव्या अध्यायात येते. भगवंत ती तक्रार खोडून काढीत नाहीत, मान्यच करतात. मन आवरता येईल ते अभ्यासाने आणि वैराग्याने, एवढेच सांगतात. पतंजलींनीही योगसूत्रांत हीच दोन साधने सांगितली असून अभ्यास दृढ कशाने होतो याचे तीन निकष दिले आहेत. तो दीर्घकाळ हवा, अखंड हवा आणि सत्कारपूर्वक हवा. यातील तिसरा शब्द या लेखाच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. पतंजलींनी भावपूर्वक किंवा आनंदपूर्वक म्हटलेले नाही. सत्कारपूर्वक, म्हणजे आदराने, असे म्हटले आहे. भावना ही मनुष्याच्या हुकुमाची चाकर नव्हे. ती येते तेव्हा येते, आणि शोकाच्या किंवा आजारपणाच्या दिवसांत महिनोन्महिने येत नाही. आदर मात्र हातांनीही दाखविता येतो. समईची काजळी पुसणे, कालचे तेल बदलणे, दिवा लावण्यापूर्वी हात-पाय धुणे, एवढे कोरड्या मनालाही जमते. तेवढे केले म्हणजे पतंजलींची अट पुरी झाली. उरलेले मागण्याचा अधिकार, निदान त्या दिवशी, कोणालाही नाही, स्वतःलाही नाही.

आता मानसशास्त्राकडे वळल्यास एक मौजेची गोष्ट दिसते. आधी मन, मग कृती, असा आपला सर्वसाधारण समज असतो. उमेद वाटेल तेव्हा घराबाहेर पडू, असे उदास मनुष्य म्हणतो. परंतु तो बाहेर पडत नाही म्हणून त्याला कोणी भेटत नाही, कोणी भेटत नाही म्हणून बरे वाटण्याचे प्रसंगच येत नाहीत, आणि ते न आल्याने तो अधिकच आत ओढला जातो. या चक्राकडे पीटर लेविन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात लक्ष वेधले. त्यातून पुढे जी उपचारपद्धती विकसित झाली तिचे तत्त्व सांगावयाचे तर इतकेच की मनाची वाट न पाहता दिवसाच्या वेळापत्रकात लहान लहान कामे ठरवून ठेवावीत आणि इच्छा असो वा नसो ती करावीत. मन मागाहून येते.

या पद्धतीची एक मोठी परीक्षा आपल्या शेजारीच, गोव्यात झाली. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली तेथे स्थापन केलेल्या 'संगत' या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतील, तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांवर हा प्रयोग केला. उपचार देणारे डॉक्टर नव्हते. थोडे दिवस प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसे होती. रुग्णाकडे सहा ते आठ वेळा जावे, त्याच्याशी बोलावे, त्याच्या दिवसात कोणती कामे परत आणता येतील ते त्याच्यासोबत ठरवावे, असे त्याचे स्वरूप होते. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आलेले आढळले. आरोग्य केंद्राचे नेहमीचे उपचारच मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. हा फरक थोडा नव्हे. मात्र दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ज्यांनी हे सारे केले त्यांतील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोकांना त्या अवधीत पुरेसा उतार पडला नव्हता. ते आळशी होते म्हणून नव्हे, किंवा त्यांची श्रद्धा कमी पडली म्हणूनही नव्हे. आजार तसा असतो.

तिन्हीसांजेच्या दिव्याकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्याचे मोल ध्यानात येते. दिवा लागला की मुले हात-पाय धुऊन देवापुढे बसत, शुभंकरोती म्हणत, परवचा होई. त्यात भक्ती किती आणि भुकेची घाई किती, हे त्या मुलांनाच ठाऊक. परंतु त्या दहा मिनिटांत घरातील माणसे मोजली जात. कोण अजून आले नाही, कोणाचा चेहरा उतरलेला आहे, कोण आज गप्प आहे, हे कोणी मुद्दाम न विचारता घरातील वडीलधाऱ्यांना कळे. मनाच्या आजाराची चाहूल सर्वांत आधी घरच्या माणसाला लागते, पण त्यासाठी घरच्या माणसाने दिवसातून एकदा तरी तोंडाकडे पाहिले पाहिजे. आता त्याच वेळी प्रत्येकाच्या हातात आपापला मोबाईल असतो. उजेड आहे, पण तो खालून चेहऱ्यावर पडलेला, आणि प्रत्येकाचा निराळा.

सकाळचेही तसेच. अंगणात सडा घालणे, रांगोळी काढणे, तुळशीला पाणी घालणे या निमित्ताने घरातील कोणीतरी रोज उगवतीच्या उजेडात उभे राहत असे. मनुष्याच्या शरीरात दिवस-रात्रीचे एक घड्याळ असते. ते कसे चालते याचा शोध फळमाशीवरील प्रयोगांतून लावल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. डोळ्यांत शिरणाऱ्या सकाळच्या प्रकाशाने हे घड्याळ रोज लावले जाते, आणि ते बिघडले की झोप बिघडते. झोप बिघडली की मनाला ते सोसवत नाही. आपल्या पूर्वजांना हे सारे विज्ञान ठाऊक होते असा दावा करण्याचे कारण नाही, तसा पुरावाही नाही. अंगण झाडणाऱ्या बाईस अंगण झाडावयाचे होते, इतकेच. फायदा झाला तो न मागता झाला. फ्लॅटमध्ये अंगण नाही हे खरे. पण खिडकीतील कुंडीला पाणी घालण्यास कोणाची हरकत नसते, आणि कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत रोज पायी जाऊन येणे यात जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना सांगितलेली आठवड्याची किमान १५० मिनिटांची हालचाल सहज बसते. देवळात जावयाचे नसेल त्याने वाचनालयात जावे. पायांना त्यातला फरक कळत नाही.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलणे भाग आहे. आपल्याकडे नेमाचे कौतुक करताना तो कोणाच्या जिवावर चालतो हे क्वचितच पाहिले जाते. घरातील कर्त्या पुरुषाची तासभर पूजा चालते. त्याआधी कोणीतरी उठून पाणी तापविलेले असते, फुले खुडलेली असतात, गंध उगाळलेले असते, नैवेद्य रांधलेला असतो. पुरुषाच्या वाट्याला नेम येतो, स्त्रीच्या वाट्याला काम. शांतता एकाला मिळते आणि ती मिळावी म्हणून दुसरे माणूस पहाटेपासून धावत असते. मनाचे स्वास्थ्य हे घरातील एकट्याने मिळवून बसण्याचे धन असेल तर त्यात धर्म कोणता? ज्या घरात गृहिणीला दिवसातून अर्धा तास स्वतःजवळ, कोणाच्याही हाकेवाचून बसता येत नाही, त्या घरातील पूजेचा तास खुशाल पंधरा मिनिटांनी कमी करावा आणि ती पंधरा मिनिटे चुलीपाशी खर्चावीत. देव रागावणार नाही. उगाळलेले गंध कोणी उगाळले हे त्याला ठाऊक असतेच.

नेम बिघडतो तो आणखी एका प्रकारे, आणि श्रद्धाळू घरांत तो फार उशिरा ओळखला जातो. एखाद्याचा जप मोजताना चुकल्याची शंका येते म्हणून तो पुन्हा आरंभापासून मोजतो. पुन्हा शंका येते, पुन्हा मोजतो. सोवळे मोडले असावे या भयाने कोणी चार-चार वेळा स्नान करते, हातांची कातडी सोलवटेपर्यंत हात धूत राहते. मनात देवाविषयी अभद्र विचार येतो म्हणून कोणी दिवसभर प्रायश्चित्त करीत बसते. घरचे लोक याला कडक नेम म्हणतात, कधी अभिमानानेही सांगतात. हा नेम नव्हे. यास वैद्यकात मंत्रचळ म्हणतात, आणि तो उपचारांनी आटोक्यात येऊ शकणारा आजार आहे. ओळखण्याची खूण साधी आहे. नेम केल्यावर मनुष्य मोकळा होऊन आपल्या कामाला लागतो. मंत्रचळात तो कधी मोकळा होतच नाही. भय तेवढ्यापुरते दबते आणि दुप्पट होऊन परत येते.

त्याचप्रमाणे, ज्याची झोप आणि भूक उडाली आहे, ज्याला कशातच रस वाटत नाही, ज्याच्या बोलण्यात जगणे नकोसे झाल्याचे येऊ लागले आहे, आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले आहे, त्यास नुसते नाम घे म्हणून सांगणे हे क्रौर्य होय. तो नाम घेतो आणि बरे वाटत नाही, तेव्हा मूळच्या दुःखात आपल्या नामातच खोट आहे या अपराधाची भर पडते. मधुमेहाच्या रुग्णास कोणी असे सांगत नाही. औषध आणि उपासना यांत वैर नाही; डॉक्टरांची गोळी तीर्थासोबत घेतली तरी काम करते. दुःखी माणसास देवाच्या दारी आणावे, जरूर आणावे. पण डॉक्टरांचे दार चुकवून आणू नये. श्रद्धास्थानांच्या आश्रयाने मनोरुग्णांना ठेवून घेण्याची प्रथा देशात सर्व धर्मांत आढळते. तमिळनाडूतील एर्वाडी येथील अशा एका खाजगी निवाऱ्यास ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेली २८ माणसे पळता न आल्याने जळून मेली. ज्यांनी त्यांना तेथे आणले होते ते त्यांचे वैरी नव्हते, आप्तच होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णास साखळीने बांधण्यास आता स्पष्ट मनाई आहे. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. शिवाय केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते, मराठीतही. घरातील दूरध्वनीजवळ हा क्रमांक लिहून ठेवण्यास कोणतेही निमित्त लागू नये.

हे सर्व जमेस धरल्यावर त्या गृहस्थांच्या प्रश्नात जे उरते ते शास्त्राचेही नाही आणि वैद्यकाचेही नाही. शोक हा आजार नव्हे. त्यांची झोप-भूक ठीक होती, शेजाऱ्यापाजाऱ्यांत ते बसत-उठत, लेकीकडे फोन करीत. त्यांना टोचत होते ते एवढेच की पत्नी जे मनापासून करीत असे ते आपण मनावाचून करीत आहोत. परंतु ती रोज मनापासूनच करीत असे, हे त्यांना कसे कळले? चाळीस वर्षांत मुलांची आजारपणे आली असतील, हातात पैसा नसण्याचे महिने आले असतील, त्यांच्याशी भांडण होऊन अबोला धरलेल्या संध्याकाळीही काही आल्या असतील. त्या संध्याकाळी दिवा लावताना तिच्या मनात काय होते हे कोणी विचारलेले नाही. दिवा मात्र लागलेला होता, आणि दिवेलागणीला घरी परतणाऱ्या माणसास तो दाराबाहेरून दिसत होता. तिच्याही कितीतरी वाती कोरड्या मनाने लागल्या असतील. त्यांना त्या ढोंगाच्या वाटल्या नाहीत, उलट त्यांनी त्यांनाच तिची भक्ती म्हटले.

पुढील वर्षी त्याच तिथीच्या सुमारास ते पुन्हा अभिषेकास आले. वातींच्या डब्याचे काय झाले, असे कार्यालयातून कोणी सहज विचारले. डबा आषाढातच संपला होता. दोन दिवस दिवा लागला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी समोरच्या घरातील आजींकडून सरकीचा कापूस आणला आणि वात कशी वळतात ते शिकून घेतले. मन लागते का, हे त्यांनी सांगितले नाही व त्यांना कोणी विचारलेही नाही. त्यांच्या वाती अजून जाड होतात, एकसारख्या वळल्या जात नाहीत आणि काजळी फार धरतात, असे मात्र ते म्हणाले.